एकेचाळिसाव्या घराची नोंद

अप्पा मला पहिल्यांदा भेटले ते एका दफनभूमीत. रविवारची सकाळ होती, अकरा वाजून गेले होते आणि निफाडचा सागर आम्हा सगळ्यांना एकेका थडग्यापुढे उभं करत भराभर पुढे चालला होता. तेवढ्यात एक म्हातारा खणखणीत आवाज मध्येच म्हणाला, "अहो, जरा थांबा. मागच्या दगडावरचं नाव नीट वाचलं नाहीत तुम्ही. एवढी काय गाडी चुकतेय?"

दफनभूमी खरी नव्हती, हे आधी सांगायला हवं. ती एका व्हिडिओ गेममधली होती. त्या गेमला लांबलचक परदेशी नाव आहे, आम्ही त्याला नुसतं 'बेट' म्हणायचो. त्यात मारामारी नाही, गाड्या नाहीत, गुण मिळत नाहीत. एक ओसाड बेट, त्यावर एकेचाळीस घरं, एक विहीर आणि उतारावरची थडगी. माणूस औषधालासुद्धा नाही. आपण फिरायचं, दारांवर कोरलेली नावं वाचायची, फडताळातल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि इथली माणसं कोण होती, कुठे गेली ते आपलं आपण ठरवायचं. गेम स्वतः शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही. म्हणून जगभरातले लोक त्याच्या थिअऱ्या मांडत बसलेले असतात. आमचा 'बेटकरी' नावाचा मराठी ग्रुप त्यातलाच एक. दर रविवारी अकरा वाजता एकजण आपला स्क्रीन सगळ्यांना दाखवायचा आणि बाकीचे बोलायचे, म्हणजे भांडायचे. कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नव्हता. खरी नावंही कुणाला ठाऊक नव्हती. मी तिथे 'कोथिंबीर' होते. का ते विचारू नका, नाव नोंदवलं तेव्हा हातात जुडी होती.

या नव्या म्हाताऱ्याचं नाव दिसत होतं 'अप्पा_बावन्न'. कुणीतरी विचारलं, "बावन्न काय, वय का?"

"छे हो. वय त्याच्या खूप पुढे गेलं. एक्कावन्नापर्यंतचे सगळे अप्पा आधीच घेतलेले निघाले."

आम्ही हसलो. मग अप्पांनी त्यांचं ते सुरू केलं, जे पुढे दर नव्या माणसाला सोसावं लागलं. "आता आपण कोण? आईवडिलांनी ठेवलेलं नाव सांगा. द्राक्षवाला, कोथिंबीर, ही काय मंडई आहे?"

सागर बिचारा सरळ. तो म्हणाला, "सागर. निफाडचा हाय मी. द्राक्षं हायेत आमची."

"वडिलांचं नाव?"

"भाऊसाहेब."

"आजोबांचं?"

"रामभाऊ."

"त्यांच्या वडिलांचं?"

"ते नाय सांगता येणार, अप्पा."

"घरी विचारून ठेवा. पुढच्या रविवारी सांगा."

गंमत म्हणजे त्यानं खरंच विचारलं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी तेच सांगितलं. मालेगावच्या इरफाननं मात्र त्याच दिवशी बाजी मारली. त्याच्या घरी माग आहेत, मागे खडखडाट चालूच असायचा. त्या आवाजातच त्यानं सहा पिढ्यांची नावं एका दमात म्हणून दाखवली. अप्पा एवढे खूश झाले की त्यांनी टाळ्या वाजवल्या. "घ्या! मालेगावकर जिंकले," म्हणाले.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मृणाल. नाशिक, सातपूर."

"अरेच्चा! मी पंचवटीत. म्हणजे आपल्यामध्ये फक्त गोदावरी."

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अंबडच्या एका कारखान्यात मी दिवसभर स्विचचे तुकडे तपासायचे, घरी येऊन कुकर लावायचे आणि बेटावर हिंडायचे. ओसाड गावात बरं वाटायचं, कारण तिथे सगळेच गेलेले होते. माझं नाव कुणीतरी इतक्या चवीनं विचारावं ही गोष्ट त्या दिवसांत मला मोठी वाटली. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

अप्पा तीर्थोपाध्ये होते. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरी यजमान उतरायचे. विंचूरकडचे, निफाडकडचे, हरसूलच्या डोंगरातले. विधी रामकुंडावर व्हायचा, पण अप्पांच्या लेखी खरं काम त्यानंतरचं होतं. यजमान जेवून टेकला की नामावळीची वही काढायची, त्याच्या घराण्याचं पान उघडायचं आणि त्याच्या पणजोबानं येऊन सांगितलेली नावं त्याला वाचून दाखवायची. मग नव्या पिढीची भर घालायची. "रांगडे रांगडे बाप्ये रडायचे हो," अप्पा सांगायचे. "आईचा विधी कोरड्या डोळ्यांनी करायचे आणि पणजोबांचं नाव ऐकून रडायचे."

पुढे लोकांना वेळ राहिला नाही. विधी आटोपला की गाडी काढायची, वही ऐकायला बसायचं कुणाला? शेवटी अप्पांच्या गुडघ्यांनी संप केला आणि वह्या पुतण्याकडे गेल्या. पुतण्यानं त्यांचे फोटो काढून संगणकात घातले. अप्पांची त्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त त्यांना वाचून दाखवायला कुणी उरलं नाही. पत्नी गेल्या होत्या, एकुलती लेक वंदना निगडीला. तिनं वडिलांना कीर्तनं बघता यावीत म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात जावयाचा हा गेम आणि आमच्या ग्रुपचा दुवा राहून गेला होता. कीर्तन शोधता शोधता अप्पांनी नको ते बटण दाबलं आणि समोर एक दार आलं. दारावर नाव. शेजारच्या दारावर दुसरं नाव. अप्पा उठले, फडताळातून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, घर एक.

ग्रुपमध्ये त्यांचा दबदबा झाला तो जावयांमुळे. थडग्यांवर 'ओस्का, तामराचा' किंवा 'मेरिन, इल्साची' असं कोरलेलं असायचं. जगभरातल्या थिअरीवाल्यांनी धरून ठेवलं होतं की दुसरं नाव बापाचं. तेवढ्यावर कुणी राजघराणी उभी केली होती, कुणी लढाया लावल्या होत्या. एका रविवारी अप्पा म्हणाले, "एक शंका आहे. विचारू का?"

"अप्पा, तुम्ही परवानगी कधीपासून घ्यायला लागले?" इरफान म्हणाला.

"हा ओस्का दोन दारांवर आहे. पाचव्या घरात लहान अक्षरांत, तेविसाव्या घरात मोठ्या अक्षरांत. होल्डचंही तसंच. बाप्यांची नावं दोन दोन घरांवर आहेत. बायकांचं एकही नाव दोनदा नाही. म्हणजे घर कोण बदलतंय?"

सागरनं स्क्रीन पाचव्या घरापुढे नेला, मग तेविसाव्या.

"अहो, इथे जावई नांदायला येतात! घर बाईचं आहे. मग थडग्यावर बापाचं नाव कशाला असेल? तामरा ही ओस्काची आई."

मग इरफान हळूच म्हणाला, "या अल्ला. सगळी थिअरी गेली आमची."

मी ते सगळं इंग्रजीत लिहून परदेशी ग्रुपवर टाकलं. तिथे दोन आठवडे नुसती धांदल उडाली. लोक विचारत होते की हे कुणी शोधलं, ते कुठल्या विद्यापीठात शिकवतात. मी अप्पांना विचारलं काय उत्तर देऊ. ते म्हणाले, "लिहा, मुक्काम पंचवटी."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मखमलाबाद नाक्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. दार उघडून ते म्हणाले, "या कोथिंबीर," आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. अंगात बंडी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. स्क्रीनसमोर बसले की ते भिंग काचेला लावून एकेक अक्षर वाचायचे. चहा स्वतः करायचे, त्यात आलं इतकं की डोळ्यांत पाणी यावं. कप दोनच होते आणि त्यांतला एक वरच्या फळीवरून काढून विसळावा लागला. त्यावर धूळ होती.

चहा झाल्यावर त्यांनी माझी चौकशी मांडली, पण बेटाच्या पद्धतीनं. "आईचं नाव?"

"सुमन."

"तिच्या आईचं?"

"द्वारका."

"तिच्या आईचं?"

मला सांगता येईना. आईला कधी विचारलंच नव्हतं आणि आता विचारायला कुणी नव्हतं. माझा चेहरा पडला असावा, कारण अप्पांनी विषय बदलला आणि मला वहीचे नियम सांगितले. सांगणारा आला की त्यानं सांगितलेलं लिहायचं. सांगणाऱ्याचं नाव शेवटी घालायचं. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. आणि खाली जागा सोडायची. "आमचे वडील म्हणायचे, पान भरलं तर घराणं संपलं समजतील लोक. दोन बोटं जागा ठेव." त्या बेटाच्या वहीतसुद्धा त्यांनी प्रत्येक पानाखाली दोन बोटं जागा ठेवली होती. ती माणसं तर कधी नव्हतीच. मी तसं म्हटल्यावर ते माझ्याकडे जरा रागानंच बघत राहिले. "नव्हती म्हणजे? कुणीतरी नावं ठेवली ना त्यांची?"

चाळीस पानं भरली होती. एकेचाळिसावं कोरं होतं.

बेटाच्या टोकाला, विहिरीजवळ एक घर होतं आणि त्याच्या दारावर नाव नव्हतं. साऱ्या जगाच्या थिअऱ्या या एका घराभोवती फिरायच्या. कुणी म्हणे हे घर खुनी माणसाचं, म्हणून नाव खरवडलंय. इरफान म्हणे हे आपलं स्वतःचं, खेळणाऱ्याचं घर. अप्पांना यातलं काही पटत नव्हतं. "घराला नाव नाही असं होत नाही. आपल्याला सांगणारा भेटला नाही, एवढंच." त्यांनी मला त्या घराचा उंबरा दाखवला. शंभरदा तिथून गेले असेन, पण कधी लक्ष गेलं नव्हतं. उंबरा फक्त उजव्या बाजूनं झिजलेला होता.

"दोघं असली की उंबरा सगळीकडून झिजतो. एक आत येतंय, एक बाहेर जातंय, एकमेकांना वाट देतायत. एकटं माणूस रोज एकाच जागी पाय ठेवतं." ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ही बाई एकटी होती."

निघताना चप्पल घालायला वाकले तर त्यांच्या दारातलं पायपुसणं दिसलं. एका कोपऱ्यात त्याचा पार चोथा झाला होता, बाकीचं नव्यासारखं होतं. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर माझ्या पायपुसण्याकडे बघायचंही टाळलं.

त्या वर्षीच अप्पांचे डोळे गेले. एकदम नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा आजार आहे, मधलं दिसेनासं होत जाईल, कडेकडेचं राहील. अप्पा ही बातमी गल्लीतल्या बातमीसारखी सांगायचे. "माणसाकडे सरळ बघितलं की माणूस गायब. भिंतीकडे बघितलं की कडेला माणूस हजर." म्हणून ते बोलताना तोंड दुसरीकडे फिरवायचे. नव्या माणसाला वाटायचं म्हाताऱ्याला आपलं तोंडही बघायचं नाही. दूधवाला यावरून खरंच रुसला होता.

पण एकदा ते म्हणाले, "मृणाल, डोळे आहेत तोवर ते एक पान भरायला हवं गं. माझ्या हातून एकही पान कोरं राहिलेलं नाही आजवर." थट्टेचा मागमूस नव्हता. उजव्या हाताचा अंगठा कोऱ्या पानावरून फिरत होता.

आता मी काय केलं ते सांगते. मला फोटोत फेरफार करता येतात. कारखान्यात कुणाचा वाढदिवस असला की बॅनरवर चेहरे मीच चिकटवते. एका शनिवारी दुपारी मी बेटावरच्या विहिरीचं चित्र घेतलं, आतल्या बाजूच्या दगडावर अक्षरं कोरली, शेवाळ चढवलं, सावली पाडली आणि एका खोट्या नावानं ग्रुपवर टाकलं. 'विहिरीत उतरल्यावर हे सापडलं. बिननावाच्या घराचं असेल का?' एवढंच खाली लिहिलं. ग्रुपमध्ये आनंदाचा गलका झाला. तासाभरात अप्पांचा फोन आला. "मृणाल, तू येऊन वाचून दाखव. इतकं बारीक आता मला दिसत नाही."

मी गेले. माझंच खोटं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "नेरा, होल्डची."

"परत वाच."

"नेरा, होल्डची."

अप्पा भिंतीकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे. "सांगणारा कोण?"

"कुणीतरी नवीन आहे, अप्पा. खरं नाव नाही लिहिलेलं."

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी वही ओढली आणि मान वाकडी करून मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. मला ते बघवेना. मी चहा ठेवायला आत गेले. आलं किसताना वाटत होतं की आपण फार चांगलं काम केलंय.

दुसऱ्या दिवशी रविवारी अप्पांनी बेटाची पूर्ण नामावळ वाचली. वाचली म्हणजे पाठच म्हटली. यजमानांसमोर म्हणायचे त्याच संथ, गात्या सुरात घरामागून घर येत गेलं. ओस्का तामराचा, मेरिन इल्साची. इरफाननं माग थांबवले होते. शेवटी अप्पा म्हणाले, "घर एकेचाळीस. नेरा." पुढचं होल्डचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं विसरले. "अप्पा, लय भारी वाटलं," एवढंच सागर म्हणाला.

पुढच्या रविवारपर्यंत इरफान विहिरीत उतरून आला होता. "अप्पा, माफ करना. विहिरीत काहीच नाहीये. एक एक पत्थर बघितला मी. फोटो फर्जी आहे."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी कुणावर आरोप केले, कुणी जुनी भांडणं उकरून काढली. परदेशी ग्रुपवरही बातमी गेली आणि मुक्काम पंचवटीचे विद्वान फसले म्हणून तिकडे थट्टा झाली. आमच्यातलाच एकजण हसत म्हणाला, "म्हाताऱ्याला मामा बनवलं राव कुणीतरी." अप्पा ऐकत होते. मी माइक बंद करून बसले होते आणि तो चालू करायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटी सागरनंच म्हटलं, "अप्पा, खोडून टाका ते नाव. परत शोधू आपण."

"खोडत नाही मी," अप्पा म्हणाले. "हरसूलकडचा एकजण यायचा आमच्याकडे. दरवर्षी यायचा आणि एका घराण्याच्या पानावर आपलं नाव सांगायचा. वडिलांना पक्कं ठाऊक होतं की हा त्या घरचा नाही. मी म्हटलं, मग लिहिता कशाला? तर म्हणाले, इतक्या लांबून चालत येतो तो. कुणाच्या तरी पंगतीत बसायचंय त्याला. मी कोण उठवणार?"

कुणाला ते पटलं नाही. पुरावा म्हणजे पुरावा, असं म्हणत दोन गट पडले. एका गटानं वेगळा ग्रुप काढला. मग दुसरा एक गेम आला आणि उरलेले तिकडे गेले. अप्पा दर रविवारी बरोबर अकराला हजर असायचे. कधी इरफान असायचा, कधी सागर, मी नेहमी. एका रविवारी मला यायला उशीर झाला तर अप्पा एकटेच बसले होते आणि रिकाम्या ग्रुपला विचारत होते, "कुणी आहे का?" मी ऐकलं ते. मी डोळे पुसले आणि मग माइक चालू केला. त्यांच्या आयुष्यात आठवड्यातून एकदा माणसं यायची आणि ती मी घालवली होती. त्यांना हे सांगायचं मी दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी आल्याच्या चहाबरोबर गिळून टाकायचे.

गेल्या हिवाळ्यात वंदनाताईंचा फोन आला. अप्पांना आता अगदी थोडं दिसतं, त्यांना निगडीला नेतेय, जाण्याआधी तुम्हाला भेटायचं म्हणतात.

मी गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती. अप्पा खुर्चीत बसले होते आणि बेटाची वही मांडीवर होती. वंदनाताई खाली गाडीत सामान ठेवायला गेल्या.

"शेवटचं पान वाच," अप्पा म्हणाले. "मला वाचता येत नाही आता."

मी पान काढलं. अक्षरं मोठी, वाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली. मी वाचू लागले. "घर एकेचाळीस. नेरा. एकटी राहत असे. उंबरा उजवीकडे झिजलेला. सांगणारी..." पुढे मला वाचता येईना.

"वाच ना."

"सांगणारी, मृणाल, सुमनची, द्वारकेच्या लेकीची. मुक्काम नाशिक."

त्याच्याखाली दोन बोटं जागा होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू 'होल्डची' म्हणालीस तेव्हाच. होल्ड तर बाप्या. बेटावरच्या माणसानं कोरलं असतं तर आईचं नाव आलं असतं. बापाचं नाव लावायची सवय आपल्या शाळेच्या दाखल्यात असते. आणि कोऱ्या पानाचं मी तुझ्याशिवाय कुणाला बोललो होतो?" ते हसले. "बेटावर इतके दिवस हिंडलीस आणि ऐन वेळी बापाकडे गेलीस."

खरं होतं. हात सवयीनं गेला होता. तपासणी टेबलावर सगळं आयुष्य काढूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग लिहिलंत का, अप्पा? सगळ्यांसमोर हसं झालं तुमचं. माझं नाव सांगून टाकायचं होतं."

"सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं असतं, चावडीवर नाही." त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. "माझं पान कोरं राहू नये म्हणून कुणीतरी नदी ओलांडून आलं. एवढं कोण करतं गं? मी लिहिलं ते नेरासाठी नाही लिहिलं."

मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. अप्पांनी रडू दिलं. यजमानांची त्यांना सवय होती.

वंदनाताई वर आल्या. अप्पा उठले, वही काखेत घेतली. ती त्यांनी मला दिली नाही आणि मीही मागितली नाही. दारात पायपुसण्याच्या त्या झिजलेल्या कोपऱ्यावर त्यांचा पाय बरोबर पडला. जिन्यात मी त्यांचा हात धरला होता. शेवटच्या पायरीवर ते म्हणाले, "द्वारकेच्या आईचं नाव कुणाकडून कळलं तर सांग. जागा ठेवलीय."

गाडीत त्यांना खिडकीजवळ बसवलं. वंदनाताईंनी पट्टा लावला, काच खाली केली आणि म्हणाल्या, "अप्पा, मृणाल इकडे उभी आहे. तिला अच्छा तरी करा."

अप्पांनी मान फिरवली आणि समोरच्या काचेकडे बघत राहिले. गाडी सुरू झाली तरी ते तसेच होते, माझ्याकडे पाठ केल्यासारखे. वंदनाताईंना ओशाळल्यागत झालं, त्यांनी मला हातानंच खूण केली की मनावर घेऊ नका. नाक्याच्या वळणापर्यंत अप्पांनी तोंड तिकडेच धरलं होतं. तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत होते.